लेबनीज कुठे चांगलं मिळते?

तुमसरची बस डोळ्यांदेखत निघून गेली, आणि रीना पटले भंडाऱ्याच्या स्टँडसमोर पर्स कपाळावर धरून उभी राहिली. कार्तिकातलं ऊन तसं कोवळं असतं, पण दिवसभर वॉर्डात उभं राहिलेल्या पायांना ते कळत नाही. पुढच्या बसला वेळ होता. कुठे तरी बसावं, चहा घ्यावा म्हणून तिनं रस्त्यापलीकडे पाहिलं... आणि नजर एका फलकावर अडकली.

‘समाधान कॅफे’. खाली ओळीनं पावभाजी, साउथ इंडियन, चायनीज. आणि सगळ्यांत शेवटी, नुकत्याच दिलेल्या हिरव्या रंगात — लेबनीज.

रीनानं ते पुन्हा एकदा वाचलं. भंडाऱ्यात?

दोन वर्षांपूर्वी ती कतारमधल्या दोह्याहून परतली होती. तिथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून तीन वर्षं काढली, करार संपला, आणि वडील म्हणाले, आता बस झालं, घरी ये, तुझं लग्न पाहू. घनश्याम पटले तुमसरच्या बाजारातले धानाचे व्यापारी. त्यांचा शब्द घरात सहसा खाली पडत नसे. ती आली. लग्न काही जमलं नाही, भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात नोकरी मात्र जमली. सगळं ठीक चाललं होतं. फक्त कधी कधी, काही कारण नसताना, जिभेला एक चव आठवायची. लिंबाची, लसणाची, भाजलेल्या तिळाची... आणि मग त्या दिवशी समोरचं जेवण नुसतंच पोटात जायचं.

रस्ता ओलांडून ती आत गेली आणि तिनं हमस मागवलं, काबुली चणे आणि तीळ वाटून करतात ते.

समोर आलं ते चण्याच्या डाळीचं घट्ट पिठलं. ताटलीत छान थापलेलं, वर लाल तिखट, कोथिंबीर आणि मूठभर शेव. सोबत लोणी चोपडलेला कुलचा. रीनानं एक घास घेतला. दुसरा घेतला. मग तिला हसू आवरेना.

“काहून हसून राहिल्या, मॅडम?”

गल्ल्यावरून उठून एक तरुण टेबलापाशी आला होता. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर पंचा.

“हे हमस आहे?” तिनं विचारलं.

“नाही का?”

“पिठलं आहे. चांगलं आहे तसं... पण पिठलं आहे.”

तो चिडला नाही. समोरची खुर्ची ओढून बसला, ताटलीकडे नीट बघितलं, आणि सगळं खरं खरं सांगून टाकलं. त्याचं नाव धनंजय कापगते. साकोलीकडच्या एकोडीचा, धानाची शेती करणाऱ्या घरातला. नागपूरच्या एका हॉटेलात बरीच वर्षं स्वयंपाक केला, मग ही जागा भाड्यानं घेतली. लेबनीज त्यानं जन्मात खाल्लं नव्हतं. मोबाइलवर बघून शिकला होता. मग फलकावर लिहिलंस कशाला, असं रीनाच्या ओठांवर आलं, पण ओळख नव्हती म्हणून तिनं ते जरा सभ्यपणे विचारलं.

“चायनीज गल्लोगल्ली झालं,” तो म्हणाला. “म्हटलं, आपण एक देश पुढे जाऊ.”

ती पुन्हा हसली. या वेळी तोही हसला. हसताना तो खाली बघत असे.

“मंग तुम्हीच सांगा, खरं लेबनीज कुठे चांगलं मिळते? मी जाऊन खातो. खाल्ल्याशिवाय हाताले कसं कळावं?”

इथं नाही, नागपुरात शोधावं लागेल, असं ती म्हणाली. दर रविवारी ती नागपूरला जातच होती. तिकडे तिचा जर्मनचा वर्ग असे. जर्मनीत नर्स हव्या होत्या, परीक्षा पास झाली की नोकरी मिळणार होती. हेही तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, आणि त्याच्या पाठोपाठ, विचार न करता, म्हणाली, “या रविवारी मी शोधणारच आहे... यायचं तर या.”

खरं तर तिनं तसं काही ठरवलं नव्हतं. आणि बोलण्याच्या नादात तुमसरची दुसरी बसही निघून गेली होती.

रविवारी एक वाजता वर्ग सुटला तेव्हा जिन्याखाली तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, ओले केस चापून बसवलेले. तिला बघून त्यानं घड्याळाकडे बघितलं, जसा काही आत्ताच आला होता. शेजारच्या पानवाल्यानं मात्र नंतर सांगून टाकलं की साहेब केव्हाचे थांबले आहेत.

पहिलं हॉटेल मॉलमधलं. वाटीएवढं हमस, थेट फ्रीजमधून काढलेलं, आणि पापडासारखी वाळलेली पिटा रोटी. “हे असंच असते का?” त्यानं हळूच विचारलं. तिनं मान हलवली. पुढच्या रविवारचं धरमपेठेतलं, तिथं सगळ्यावर मेयोनीज. त्याच्या पुढचं तर बघण्यासारखं होतं: गाद्या-लोड, टांगलेले रंगीत कंदील, मंद अरबी गाणी, आणि बशीत पिवळंधमक काही तरी. धनंजयनं चाखलं, तोंड गंभीर केलं आणि तिच्याकडे झुकून म्हणाला, “याचं अन् माह्या पिठल्याचं एकच गोत्र आहे.” रीनाला पाणी पिता पिता ठसका लागला.

परतताना बसमध्ये ते संत्री खात. तो सोलायचा. प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा न दोरा काढायचा, बिया बाजूला करायचा, आणि फोडी तिच्या पुढ्यातल्या कागदावर ठेवायचा. स्वतः मात्र बियांसकट खायचा. एकदा मौदा गाव मागे पडल्यावर तिच्या तोंडून ‘तू’ निघालं. त्यानं आणखी एक फोड कागदावर ठेवली. मग तो म्हणाला, “आता परत तुम्ही नको म्हणू. बरं वाटलं.”

चौथं हॉटेल सदर भागातल्या एका गल्लीत सापडलं. टेबलं थोडी, फलक साधा. पण दारातच वास आला, आणि रीनाचं पाऊल उंबऱ्यावर थबकलं. आत जाऊन तिनं नेहमीचं मागवलं. पांढरं, मऊसूत हमस आलं, मधल्या खळग्यात तेलाची हिरवट झाक. बाहेरून कुरकुरीत, आतून हिरवेगार फलाफल. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं बाबागनूश. आणि फुगलेली रोटी, तोडली की वाफ सोडणारी. तिनं पहिला घास घेतला आणि तशीच बसून राहिली. डोळे भरून आले, ते तिला लपवता आले नाहीत.

धनंजयचा हात ताटाजवळ थांबला. त्यानं पाण्याचा ग्लास फक्त तिच्याकडे सरकवला.

मग तीच बोलू लागली, ताटाकडे बघत. दोह्यात सामिया नावाची लेबनीज हेडनर्स होती. फार कडक, तिची चाहूल लागली की मुली उभ्या राहायच्या. एके दिवशी तुमसरहून फोन आला, करडी गावची आजी गेली. रीनाला येणं शक्य नव्हतं. डोळे पुसत तिनं ड्युटी पुरी केली. संध्याकाळी सामिया तिला आपल्या घरी घेऊन गेली. दोघींमध्ये कामापुरतं इंग्रजी, समजावणार तरी काय? तिनं रोटी तोडली, हमसमध्ये बुडवली आणि लहान लेकराला भरवतात तसा घास रीनाच्या तोंडात दिला. पोट भरेपर्यंत भरवत राहिली.

“मले वाटे, मले ही चव आठवते,” रीना म्हणाली. “चव नाही आठवत... तो हात आठवते.”

त्यानं तिचा ग्लास पुन्हा भरला.

“म्हणजे इतके रविवार आपण हॉटेल नाही शोधून राहिलो?”

“नाही.”

“मंग काय शोधून राहिलो?”

रीनानं वर बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, जेवणाकडे नाही. तिनं घाईघाईनं रोटीचा तुकडा तोडून त्याच्या ताटात ठेवला. “खा... थंड होईल.”

त्यानंतर समाधान कॅफेचं रूप पालटलं. धनंजयनं तीळ भाजून वाटायला घेतले, वांगी भरतासाठी भाजतात तशी निखाऱ्यावर भाजली, रोटी फुगेपर्यंत हात पोळून घेतले. फलाफल तो लाखोळीच्या डाळीचे करून बघू लागला, घरी वडे करतात त्या अंदाजानं. हे फलाफल नव्हे, असं रीना म्हणाली आणि तिनं ताटली रिकामी केली. कॉलेजच्या पोरी येऊ लागल्या, मग त्यांच्या मैत्रिणी, मग चायनीजची ओळ फलकावरून पुसली गेली. ड्युटी सुटली की रीना यायची. तो एका वाटीत काही तरी पुढे करायचा. ती चाखून सांगायची, लिंबू कमी, लसूण थोडा अजून. वाटी देता-घेताना बोटांना बोटं लागली की दोघंही मिठाबद्दल बोलू लागत.

आणि मग ती परीक्षा पास झाली. नोकरी ठरली, लाइपझिग नावाच्या शहरात. ती सांगायला आली तेव्हा तो कणीक मळत होता. हात थांबले... पुन्हा चालू झाले.

“चांगलं झालं. कधी?”

“चैत्रात.”

“गरम कपडे चांगले घेजो. तिकडे थंडी लय असते म्हणते.”

एवढंच. तुमसरपर्यंतच्या बसमध्ये रीना खिडकीशी डोकं टेकवून बसली. तिला राग येत होता, आणि नेमका कशाचा ते स्वतःशीही म्हणवत नव्हतं. घरी वडिलांच्या कानावर काही तरी गेलं होतं. जेवताना ते कुणाकडे न बघता म्हणाले, जर्मनीला चाललेल्या मुलीनं स्टँडवरच्या हॉटेलवाल्याकडे रोज चहा पिऊ नये. आई सत्यभामाबाई भात वाढत राहिल्या. रीना ताट घेऊन उठली.

थंडी ओसरता ओसरता एक दिवस धनंजयची आई शकुनबाई एकोडीहून नवा तांदूळ घेऊन आल्या. बारीक बाई, डोक्यावर पदर, बोलणं कमी. पोतं कोपऱ्यात ठेवून त्या बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत राहिल्या. रीना आली, वाटी पुढे झाली, चाखणं झालं; सगळं त्यांनी बघितलं. धनंजय आत गेल्यावर त्या म्हणाल्या,

“तू जाऊन राहिली का, बाई?”

“हो, आई.”

“याले सांगितलं?”

“जाणार ते सांगितलं.”

“ते नाही म्हणत मी.”

रीनाची मान खाली गेली. शकुनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, अगदी हलका. “हा लहानपणापासून असाच आहे. भूक लागली तरी मागे नाही. ताट पुढे आलं तरच जेवे. तुले कायले अडकवू मी... फक्त सांगून ठेवलं.”

जाण्याच्या दोन दिवस आधी ते दोघं वैनगंगेच्या पुलावर गेले. नदी आटून एका काठाला लागली होती. वाळूत टरबुजांच्या वाड्या हिरव्या दिसत होत्या, आणि पाण्यावर ऊन उतरत होतं. रीना कठड्याला टेकून वाट बघत होती. त्यानं एक शब्द बोलावा, एवढीच. काय करायचं ते ती मग ठरवणार होती.

“मी तुले राह म्हणणार नाही, रीना.”

“काहून?”

“मी म्हटलं अन् तू राहिली... तर कधी भांडण झालं, कधी दुकान चाललं नाही, तर तू दारातून रस्त्याकडे पाहशील. मले ते पाहवणार नाही.”

“अन् तू?”

“मी काय... मी इथंच आहे.”

तिला म्हणायचं होतं, विचारून तर पाहा. विचारल्याशिवाय तूच उत्तर कसं देऊन टाकलं? पण ते न म्हणताच तिनं पर्स खांद्याला अडकवली. पुलावरून ट्रक गेले, पूल थरथरला, आणि ते दोघं हातभर अंतर ठेवून परत चालू लागले.

लाइपझिगमध्ये लेबनीज शोधावं लागलं नाही. हॉस्पिटलसमोरून ट्राम जायची त्या एकाच रस्त्यावर तीन-चार दुकानं होती. पहिल्या सुट्टीला सोबतच्या नर्सेस तिला घेऊन गेल्या. सगळं बरोबर होतं. रोटी फुगलेली, लिंबू नेमकं, तीळ जसे भाजायला हवेत तसेच. रीना पोटभर जेवली, बाहेर थंडीत आली, आणि तिला कळलं की पोट भरलं आहे, भूक मात्र तशीच आहे.

दुपारपाळीला निघण्याआधी ती फोन करायची. भंडाऱ्यात तेव्हा संध्याकाळची गर्दी सुरू व्हायची असायची. तिकडच्या हमसमध्ये काय काय असतं ते तो विचारायचा. लिंबं या वर्षी रसाळ नाहीत, वैनगंगेला पूर आला, शेतात रोवणी झाली, हे सांगायचा. स्वतःबद्दल काही नाही. ‘हो का,’ ती म्हणायची. ‘बरं.’ एकदा दोघांचंही बोलणं संपलं आणि फोनमधून नुसतं दुकान ऐकू येऊ लागलं. कढईतलं तेल, भांड्यांचा खणखणाट, आणि दुरून कंडक्टरची हाक — तुमसर, तुमसर, तुमसर... “ठेवू नको,” रीना म्हणाली, “असाच राहू दे.” त्यानं फोन ओट्यावर ठेवला आणि काम करत राहिला. ती पलंगावर आडवी पडून ते ऐकत राहिली. त्या दिवशी तिची ट्राम चुकली.

असे उन्हाळा, हिवाळा आणि पुन्हा उन्हाळा गेले. एका रविवारी ती एकटीच जेवायला गेली. दारातल्या मुलीनं विचारलं, टेबल किती जणांसाठी? रीना सवयीनं म्हणून गेली, दोघांसाठी. चूक कळली तरी तिनं दुरुस्त केली नाही. समोर दुसरं ताट मांडलं गेलं, दुसरा ग्लास आला. त्या रिकाम्या खुर्चीसमोर ती जेवली, आणि जेवता जेवता तिनं ठरवलं. उठली तेव्हा मन बऱ्याच दिवसांनी हलकं होतं.

दिवाळीला सुट्टी काढून ती आली ती त्याला न कळवता. नागपूरहून बस धरली, भंडाऱ्याला उतरली आणि मोठी बॅग ओढत रस्ता ओलांडला. कॅफेच्या दाराला नव्या धानाच्या लोंब्यांचं तोरण होतं. आत टेबलं वाढली होती. तो पाठमोरा, तव्यापाशी. तिनं हाक मारली नाही. रोटी उलटवून तो वळला... आणि तसाच उभा राहिला.

“कधी आली?”

“आत्ता.”

“घरी नाही गेली?”

“नाही.”

तव्यावरची रोटी करपली. गिऱ्हाईकं बघत होती. त्यानं गॅस बंद केला, पंचाला हात पुसले, पुन्हा पुसले. मागच्या बाजूला कांद्याची पोती ठेवतात तिथं ते जाऊन बसले. बसमध्ये सगळा वेळ घोकलेलं वाक्य रीनाला आठवेना, म्हणून ती जे तोंडाला येईल ते बोलली.

“तू मागणार नाहीस, हे मले समजलं आहे. म्हणून मीच मागते. मले तू पाहिजेस, धनंजय. माझा करार अजून वर्षभर आहे. तो मी पुरा करीन, अर्ध्यात टाकून येणार नाही. मंग नागपुरात नाही तर इथं काम पाहीन. कोणासाठी राहून नाही राहिली, माझं मीच ठरवून आली. पण हे एक वर्ष मले असं नाही काढायचं... तू लिंबाचं सांगशील अन् मी हो का म्हणीन.”

तो खाली बघत होता. हसत नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“मी रोज फोन ठेवल्यावर एक गोष्ट बोलतो,” तो म्हणाला. “ठेवल्यावर. तुले ऐकू येऊ नये म्हणून.”

“काय बोलतोस?”

बाहेर कुणी तरी रोटी मागत होतं.

“आता मी समोर आहे,” रीना हळूच म्हणाली. “बोल.”

“परत ये,” तो म्हणाला. “तू नाही तर मले काही गोड लागत नाही. परत ये, रीना.”

तिनं त्याचा हात धरला. पिठाचा, तेलाचा, लसणाच्या वासाचा हात. बराच वेळ दोघंही मिठाबद्दल काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धनंजय स्वतः तुमसरला गेला. घनश्याम पटल्यांनी त्याला ओसरीत बसवलं, शेती विचारली, दुकान विचारलं. जात वेगळी आहे हे बोलून दाखवलं, लोक काय म्हणतील तेही. तो ऐकत राहिला. शेवटी त्यांनी विचारलं, मुलगी दवाखान्यात जाणार, पाळ्या करणार, मग घरी स्वयंपाक कोण करेल? “मीच,” धनंजय म्हणाला, “रोज तेच तर करून राहिलो.” आतून सत्यभामाबाईंचं हसणं ऐकू आलं, आणि घनश्यामराव आतल्या दाराकडे बघत म्हणाले, चहा तरी आण. एकोडीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली त्या आठवड्यात साखरपुडा झाला. शकुनबाईंनी रीनाच्या ओटीत नवा तांदूळ घातला.

सुट्टी संपली. रीना पुन्हा गेली. या वेळी स्टँडवर दोघांनीही डोळे पुसले, लोकांसमोर, न लाजता. विरह काही कमी झाला नाही. उलट वाढलाच म्हणायचा. लाइपझिगला बर्फ पडतो, भंडाऱ्याला धान कापून झाले आहेत, मधलं अंतर तेवढंच आहे. दुपारपाळीला निघण्याआधी तिचा फोन जातो. तो लिंबाचं सांगतो, आईचं सांगतो, नव्या गिऱ्हाइकांचं सांगतो. मग जरा थांबतो. रीना कानाशी फोन घट्ट धरून वाट बघते.

आता तो ते फोन ठेवण्याआधी बोलतो.